जीव वाचवणाऱ्याकडून डिपॉझिट आणि भिंतीवरचं दरपत्रक

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. आधी ते सुटे करतो.

तुमच्या भावाने हायवेवर पडलेल्या दुचाकीस्वाराला स्वतःच्या पिकअपमध्ये घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. काउंटरवर ‘आधी वीस हजार भरा’ म्हणाले, त्याने फोनवरून भरले. माणूस वाचला. पुढे गावच्या कार्यक्रमात आमदारसाहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो छापून आला. वीस हजार मात्र आले नाहीत. जखमीच्या घरच्यांकडे मागायला भावाची जीभ रेटत नाही, कारण त्यांच्याच हातात पावणेचार लाखांचं बिल पडलंय. आता तो म्हणतो, पुढच्या वेळी गाडी थांबवताना विचार करीन. तुम्ही विचारताय की पैसे परत मिळतील का, रुग्णालयाने ते मागणं बरोबर होतं का, आणि सगळ्या रुग्णालयांना दर भिंतीवर लावायला लावले तर हे प्रकार थांबतील का.

मी रुग्णालयांच्या बिलिंगमध्ये बरीच वर्षं काढली. आधी ॲडमिशन काउंटर, मग मेडिक्लेमचा टीपीए डेस्क, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेशी व्यवहार करणारं टेबल. आता लोकांची बिलं तपासून देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ते काउंटर बघितलंय. त्या रात्री तुमच्या भावाला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. एक, आपण एक रुपयाही देणं लागत नाही. दोन, या माणसाच्या उपचाराला एकूण किती लागणार. पहिल्या गोष्टीबद्दल देशात स्पष्ट कायदा आहे. दुसरीबद्दल अर्धामुर्धा नियम आहे, आणि सगळा वाद त्या उरलेल्या अर्ध्यावर आहे.

पहिलीचं आधी उरकतो. अपघातातल्या जखमीवर आधी उपचार, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. त्यात सरकारी-खासगी असा भेद केलेला नाही. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्राने २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायद्याचं बळ दिलं. जखमीला आणणारा माणूस नातेवाईक नसेल, तर रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचं नाही आणि नोंदणीचे किंवा दाखल करण्याचे पैसे त्याच्याकडे मागायचे नाहीत, असं त्यात आहे. नंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, २०२० मध्ये नियम आले. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. आणि हे सगळे हक्क इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत रुग्णालयाच्या दाराशी लावायचे आहेत. तुमच्या भावाने तो फलक पाहिला का, विचारा. मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय, आणि जिथे पाहिला तिथे तो बहुधा कुंडीमागे होता.

म्हणजे मागणं चूक होतं. पैसे परत मिळण्याचं मात्र इतकं सरळ नाही. फायनल बिल झालंय की नाही आणि पावती कोणाच्या नावाची आहे, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. बिल व्हायचं असेल तर काम सोपं. भावाने अकाउंट्सला पत्र द्यायचं: मी नातेवाईक नाही, मदतीला आलो होतो, माझ्या खात्यातून इतके वळते झाले, ते त्याच खात्यात परत करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहायचा. बिल होऊन डिपॉझिट त्यातून वजा झालं असेल, तर अकाउंट्सवाले सांगतील की रक्कम रुग्णाच्या नावे जमा झाली, आता तुमचं त्यांचं तुम्ही बघा. त्यांच्या खातेवहीपुरतं हे खरंही असतं: तुम्हाला वीस हजार परत केले की तेवढेच त्या कुटुंबाच्या नावावर चढतात. अशा वेळी पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या, २०१६ च्या आदेशाचा उल्लेख करा आणि ती रक्कम सवलत म्हणून रुग्णालयानेच सोसावी असं मागा. वरच्या माणसापर्यंत पत्र गेलं तर वीस हजारांसाठी कोणी प्रकरण चिघळवत नाही, असा माझा अनुभव. काउंटरवरच्या मुलाशी भांडून काही हाती लागत नाही. सवलत द्यायचा अधिकारच त्याला नसतो.

त्या कुटुंबाच्या बिलाचंही बघा, कारण वाट तिथूनच निघेल. ५ मे २०२५ ला केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचाराची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. जखमीकडे विमा आहे का, चूक कोणाची, हे यात बघत नाहीत. पण रुग्णालय योजनेत नेमलेलं असावं लागतं (नसेल तर फक्त रुग्ण स्थिर होईपर्यंतचे उपचार बसतात) आणि अपघाताची पोलिसांकडे नोंद लागते. महाराष्ट्रात शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत, आणि आता रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. तातडीच्या केसमध्ये फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. अडचण एकच. या दोन्ही योजनांचे पैसे रुग्णालयाला जातात. घरच्यांनी रोख भरून डिस्चार्ज घेतला की मागाहून त्यांच्या हातात काही पडेल याची आशा धरू नका. तुमचा पेशंट अजून दाखल असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी आरोग्यमित्राला गाठा.

रुग्णालय ट्रस्टचं असेल तर आणखी एक दार आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-अअ खाली धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बाहेरून आलिशान दिसणारी बरीच रुग्णालयं कागदावर धर्मादाय असतात, हे लोकांच्या ध्यानीमनी नसतं. तातडीच्या रुग्णाला अनामत मागण्यावरून एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात जे रान पेटलं, ते अशाच एका रुग्णालयावरून.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मला त्याच्यावरच जास्त बोलायचं आहे.

दर लावायची सक्ती ‘झाली तर’ असं तुम्ही लिहिलंय. ती झालेली आहे. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, त्याचे नियम २०१२ चे, आणि त्यात दर स्थानिक भाषेत लावा असं आहे. महाराष्ट्राने तो कायदा घेतला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले, तेव्हा रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. खाटेचा रोजचा दर, आयसीयू, डॉक्टरांची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर, सलाइन-रक्त चढवण्याचे दर, असं त्यात सगळं येतं. तक्रार गावाकडे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायची.

तरी तुमच्या भावाला किती लागणार हे का कळलं नाही? समजा फलक होता. त्याने तो नीट वाचला. तरीही कळलं नसतं. रिक्षाचा मीटर किती रुपयांनी पडतो हे माहीत असलं, तरी रिक्षावाला कुठल्या रस्त्याने नेणार हे माहीत नसेल तर भाडं सांगता येत नाही. बिल वाढतं ते दरापेक्षा नगांमुळे: किती दिवस, किती व्हिजिट, किती वेळा तीच रक्ततपासणी. फलकावर ‘व्हिजिट अमुक रुपये’ असतं. दिवसात तीन डॉक्टर दोन-दोनदा येऊन जातील हे नसतं.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गावर बाकीचं सगळं ठरतं. जनरल वॉर्डातून ट्विन शेअरिंगला (दोघांची खोली, म्हणजे ‘सेमी’), तिथून सिंगल रूमला गेलात की फक्त खोलीभाडं वाढत नाही; सर्जनची फी, थिएटरचा चार्ज, कधी कधी तपासण्यांचे दरसुद्धा वरच्या वर्गाचे लागतात. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, टेबलही तेच. ‘जनरलमध्ये जागा नाही, तात्पुरतं सेमीला घेतो’ हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं: बिलिंग कुठल्या वर्गाने होणार? आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्यायचं. मेडिक्लेम असेल तर आणखी मार बसतो. पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की विमा कंपनी खोलीभाड्यातला फरक तर कापतेच, डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापते.

तिसरी गोष्ट मेडिकलचं आणि कन्झ्युमेबल्सचं बिल. हातमोजे, सिरिंज, कॅथेटर, ड्रेसिंग, टाके घालायचा धागा. फलकावर यातलं काही येत नाही आणि खरी मेख इथेच आहे. औषधांच्या किमतींवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. यात छापील किमतीपेक्षा जास्त घेतलंच पाहिजे असं नाही. एमआरपीच इतकी फुगवून छापून येते की एमआरपीने विकूनही हा नफा सुटतो. बिलात प्रत्येक सिरिंजची ओळ आहे, किंमत पाकिटावर छापलेली आहे, सगळं अगदी पारदर्शक. आणि तरी रुग्ण नागवला जातो. दर दिसले की ते उतरतील असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं.

मग सरकारने दर ठरवूनच टाकावेत का? तेही आपण करून पाहिलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या औषधी स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या, औषध लावलेल्या जाळीदार नळीची) किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी तो रुग्णाला लाखाच्या वर पडायचा. स्टेंट स्वस्त झाला हे निर्विवाद. पण अँजिओप्लास्टीचं पॅकेज त्याच प्रमाणात उतरलं का, हे त्या काळात ज्यांच्या घरी अँजिओप्लास्टी झाली त्यांना विचारा. कोविडमध्ये, मे २०२० मध्ये, आपल्या राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पीपीई किट, महागडी औषधं, सीटी स्कॅन यातून वगळले होते. मग भांडणं कशावरून झाली? पीपीई किटवरून. एका जागी दाबलं की दुसरीकडे फुगतं. पण तेव्हा सरकारने आणखी एक काम केलं होतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. ज्या रुग्णालयात तो माणूस येऊन बसायचा, तिथली बिलं छापण्याआधीच सरळ व्हायची. मी हे जवळून पाहिलंय. फलकापेक्षा त्या एका खुर्चीचा वचक मोठा होता.

डॉक्टरांचं म्हणणं मी धुडकावणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचं उदाहरण निघालं: सरकारी दवाखान्यात डोळ्यामागे दहा हजारांच्या आसपास, खासगीत तीस हजार ते एक लाख चाळीस हजार. प्रमाण दर बारा वर्षांत का ठरवले नाहीत, असं न्यायालयाने केंद्राला सुनावलं. ही तफावत काही अंशी लूट आहे आणि काही अंशी खरी आहे. लेन्स वेगळी, मशिन वेगळं, पुण्यातल्या जागेचं भाडं आणि कराडमधल्या जागेचं भाडं वेगळं. तालुक्याच्या ठिकाणी वीस खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या दाम्पत्याला कॉर्पोरेट रुग्णालयाच्या तराजूत तोललं, तर आधी ते बंद पडेल आणि मग तुमच्या भावाला जखमीला घेऊन आणखी चाळीस किलोमीटर जावं लागेल. म्हणून एकच दर सगळ्यांना, याच्या मी विरोधात आहे. तुमचा दर तुम्ही ठरवा, पण उपचार सुरू करताना एकूण अंदाज लिहून द्या आणि त्याच्या बाहेर गेलात तर कारण लिहा, एवढंच मी मागतो.

तुमच्या न्यू जर्सीच्या मावसभावाने ‘आमच्याकडे सगळे दर ऑनलाइन असतात’ असं सांगितलं, ते खरं आहे. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतल्या रुग्णालयांना विमा कंपन्यांशी ठरलेले दरसुद्धा जाहीर करावे लागतात. पण त्या फायली संगणकाला वाचता येतील अशा, प्रचंड मोठ्या असतात. पोटात दुखतंय म्हणून कोणी त्या उघडून बसत नाही. सामान्य माणसाच्या कामी आली ती २०२२ ची दुसरी तरतूद. विमा नसलेल्याला आधीच ठरलेल्या उपचारासाठी लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि बिल त्यापेक्षा चारशे डॉलर किंवा जास्त वर गेलं तर दाद मागता येते. घ्यायचं असेल तर हे घ्यावं. ओढून आणलेल्या जखमीला ते जसंच्या तसं लागू होणार नाही, तिथे आधीच अंदाज देणं डॉक्टरलाही अवघड असतं. पण चोवीस तासांनी, सीटी स्कॅन हातात आल्यावर, नक्की देता येतो.

आमदारांच्या सत्काराबद्दल तुम्ही जरा कडवट लिहिलंय. मी तसं म्हणणार नाही. सत्कार व्हायला हवेत. वांगणी स्टेशनात २०२१ मध्ये रुळांवर पडलेल्या लहानग्याला वाचवणाऱ्या मयूर शेळके यांचं कौतुक देशभर झालं, त्यांनी बक्षिसातली अर्धी रक्कम त्या मुलाला द्यायचं ठरवलं. असं पाहून माणसं धावतात. जीव वाचवणाऱ्या नागरिकांसाठी केंद्राची जीवन रक्षा पदकं १९६१ पासून आहेत. शिवाय तुमच्या भावाला थेट लागू पडेल अशी ‘राहवीर’ योजना आहे. गंभीर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला २५,००० रुपये. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ही रक्कम ५,००० होती, २०२५ मध्ये वाढवली. जखमीवर मोठी शस्त्रक्रिया झालेली असावी, किंवा तो किमान तीन दिवस दाखल असावा, किंवा मेंदूला-मणक्याला मार असावा, अशा अटी आहेत. पावणेचार लाखांच्या बिलावरून वाटतं की तुमची केस बसावी. पोलीस ठाण्यातून पोचपावती घ्यायची, डॉक्टरांकडून खातरजमा होते, आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातो. आमदारांचा हात धरायचा तो इथे: हा प्रस्ताव ठाण्यात पडून राहणार नाही एवढं त्यांनी बघावं.

आणि त्यांना विधिमंडळात एक लक्षवेधी सूचना मांडायला सांगा. आपल्या जिल्ह्यातल्या किती रुग्णालयांच्या दाराशी मदत करणाऱ्यांच्या हक्कांचा फलक आहे, किती ठिकाणी दरपत्रक आहे, २०२१ च्या नियमांखाली किती तपासण्या झाल्या आणि किती जणांवर कारवाई झाली. मंत्र्याला सभागृहात आकडे द्यावे लागतात, आणि आकडे द्यायचे म्हटलं की खालची यंत्रणा फिरून येते. विरोधी पक्षाचे असले तर उत्साहाने मांडतील. सत्ताधारी असले तर जरा समजूत घालावी लागेल.

भावाने आता करायचं ते थोडक्यात असं. अकाउंट्सला किंवा अधीक्षकांना पत्र द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात राहवीरचा अर्ज द्या. त्या कुटुंबाला आरोग्यमित्राकडे किंवा समाजसेवा अधिकाऱ्याकडे न्या, आणि फायनल बिलासोबत औषधांची तपशीलवार यादी मागा. न वापरलेली औषधं मेडिकलला परत होऊन वजा झाली आहेत का, हे सगळ्यात आधी बघा. औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही, तसा फलक लावायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सांगितलंय. पंधरा दिवसांत पत्राला उत्तर आलं नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा, सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. आणि डिपॉझिटची मूळ पावती कोणी मागितली तरी हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. मूळ पावती जमा करून घेतली की रिफंडचा अर्ज नेमका तिच्यासाठीच अडतो.